आधी पाणी मागा

आजचं वाचन: योहान ४:१-४२



आज मला एक चूक कबूल करायची आहे.

माझी रूममेट ख्रिस्ती नाही. पुण्यात आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहत होतो आणि दोन्ही वर्षं तिचं नाव माझ्या प्रार्थनेच्या वहीत होतं. मागच्या वर्षी तिचे बाबा अचानक आयसीयूत गेले. ती रात्रीच्या गाडीने गावी निघाली. मी काय केलं? व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक वचन पाठवलं. मग एका प्रवचनाची लिंक. मनात म्हटलं, दुःखात माणसाचं मन हळवं असतं, सुवार्ता सांगायची हीच वेळ आहे.

बाबा गेले. तेरावं आटोपून ती परत आली. मी पुन्हा तोच विषय काढला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुला माझ्या बाबांचं नाव तरी माहीत आहे का गं?"

मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी योहानाचा चौथा अध्याय उघडला. भर दुपारी प्रभू येशू थकून याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. अशा वेळी जिवंत पाणी देणारा प्रभू सुरुवात कशाने करतो? तिच्याकडे प्यायला पाणी मागून! कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, याची जखम आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगायला नको. प्रभूने आधी तिला मान दिला. तिच्या शंका ऐकल्या, एकेकीचं उत्तर दिलं. तिच्या आयुष्यातलं सत्यही सांगितलं, आणि आपण ख्रिस्त आहोत हेही लपवलं नाही. तरी ती अपमानित होऊन पळाली नाही. घागर तिथेच टाकून गावाला बोलवायला धावली.

मी मात्र दोन वर्षं तिला फक्त द्यायलाच निघाले होते. तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट पाहा. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यातला एक युरोपियन गृहस्थ त्यांच्याशी आदराने बोलला, संस्कृत काव्याबद्दल गप्पा मारल्या. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. टिळक वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे त्यांचं मन गुंतलं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी टिळकांना जे प्रिय होतं त्यावर बोलणं झालं, पुस्तक त्यानंतर आलं. हा क्रम मला फार शिकवून गेला.

१ पेत्र ३:१५ मध्ये प्रेषित सांगतो की आपल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारावासा वाटेल असं आपलं जगणं हवं. आणि आपण केलेली मदत हे आमिष नव्हे. डबा नेऊन दिला तर तो भुकेसाठी, बदल्यात काही मिळावं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली आणि म्हटलं, "बाबांबद्दल सांग ना." ती रात्री दोनपर्यंत बोलत होती. रात्रपाळी करून आलेले असले तरी बाबा तिची सायकल मागून धरून कसे धावायचे, ते सांगताना हसली, मग रडली. मीही रडले. त्या रात्री मी एकही वचन सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी तिनेच विचारलं, "तू पहाटे डोळे मिटून कोणाशी बोलतेस?" मी तिला लाजराच्या कबरेपाशी रडलेल्या येशूबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चहा टाकायला उठली. एवढंच.

ती आजही ख्रिस्ती नाही. आमची मैत्री त्या अटीवर नाहीच. मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम. प्रेम करणं आणि विचारल्यावर खरं सांगणं, हे माझं.

आज थोडं थांबून बघा: तुमच्या प्रार्थनेच्या यादीत ज्यांची नावं आहेत, त्यांच्याबद्दल तुम्हाला खरंच किती माहिती आहे?

प्रार्थना: प्रभू येशू, बोलण्याची घाई झालेल्या माझ्या ओठांना आधी ऐकायला शिकव. माझ्या मैत्रिणीचं दुःख मला संधी वाटू नये, दुःखच वाटावं. आणि ती विचारेल तेव्हा तुझं नाव सांगायला मी लाजू नये. आमेन.