भीती ओसरल्यावर काय?



आजाऱ्यांच्या भेटीला घरोघरी जाताना एक गोष्ट आम्हांला वारंवार पाहायला मिळते. छातीत कळ आली म्हणून मध्यरात्री इस्पितळात नेलेला गृहस्थ आठवडाभराने घरी परततो. अँजिओप्लास्टी झालेली असते, उशाशी गोळ्यांची पिशवी असते. डॉक्टरांनी बजावलेले असते की, यापुढे सिगारेटला हात लावायचा नाही. तोही मनापासून सोडतो. पहिल्या महिन्यात त्याला धुराचा वासदेखील नकोसा वाटतो. तिसऱ्या महिन्यात तो कामावर जाऊ लागतो. मग एखाद्या संध्याकाळी टपरीवर मित्राच्या हातातली एक घेतो. "एकीने काय होणार आहे?" वर्ष सरता सरता पाकीट पुन्हा खिशात आलेले असते.

घरची माणसे कपाळावर हात मारतात. "एवढे होऊनही याला अक्कल आली नाही!" त्यांचा राग आपण समजू शकतो, परंतु रागामुळे प्रश्न सुटत नाही. मरण जवळून पाहिलेला माणूस पुन्हा त्याच वाटेने का जातो? आणि त्याला थांबवून धरील असे काय आहे? या दोन प्रश्नांचा आज थोडा विचार करू या.

कळते, पण वळत नाही

ग्रीक तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस म्हणत असे की, जाणूनबुजून कुणीही स्वतःचे वाईट करत नाही. जो करतो त्याला नीट कळलेलेच नसते. त्याच्या पुढच्या पिढ्यांतील अॅरिस्टॉटलला हे पटले नाही. त्याच्या मते माणसाला कळलेले असते, परंतु वासना जोरात असताना ते ज्ञान झोपलेल्या माणसाच्या ज्ञानासारखे असते. असते, पण कामाला येत नाही. संत पौलाने रोमकरांना लिहिताना हीच ओढाताण स्वतःविषयी सांगितली आहे: जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे नको असते तेच घडते. प्रेषिताला जे कबूल करावे लागले, ते आपल्याला कबूल करण्यात कमीपणा कसला?

धूम्रपानाच्या बाबतीत या ओढाताणीला शरीराचीही साथ असते. धूर आत घेतल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते आणि बरे वाटते. थोड्या वेळाने ते उतरते, चिडचिड सुरू होते आणि ती शमवायला पुढची लागते. बिडीचेही तसेच आहे. ती सौम्य असते हा आपल्या वाडवडिलांचा गोड गैरसमज होता. म्हणून कॅथोलिक धर्मशिक्षणात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. अन्न, मद्य, तंबाखू यांच्या अतिरेकापासून दूर राहणे हा संयम या सद्गुणाचा भाग आहे. त्याचबरोबर जडलेल्या सवयीमुळे माणसाची जबाबदारी काही अंशी कमी होऊ शकते. कमी होते, नाहीशी होत नाही. व्यसनी माणसाला दुष्ट ठरवणे चुकीचे आहे. पण तो काही करूच शकत नाही असे म्हणणे हाही त्याचा अपमानच आहे.

नुसत्या मनाईचा उपायही पवित्र सभेने एके काळी करून पाहिला होता. १६४२ साली पोप आठवे अर्बन यांनी स्पेनमधील सेव्हिल धर्मप्रांतातील देवळांत तंबाखू वापरणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा जाहीर केली. १६५० मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात तशीच बंदी घातली. १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी ती उठवली. शिक्षेच्या धाकाने देऊळ कदाचित स्वच्छ राहते, सवय मात्र जात नाही. आजही प्रवचन सुरू झाले की काही मंडळी हळूच देवळामागच्या झाडाखाली जमतात. वेदीवरून आम्हांला सगळे दिसते हो!

भीती ही देणगी आहे, पण सुरुवातीची

मग इस्पितळातल्या त्या भीतीचे काय? ती निरुपयोगी होती का? मुळीच नाही. पापाच्या पश्चात्तापाविषयी हाच प्रश्न पूर्वी धर्मपंडितांपुढे आला होता. केवळ नरकाच्या भीतीने केलेला पश्चात्ताप खरा मानायचा का? काहींचे म्हणणे होते की, असा माणूस ढोंगी असतो. शिक्षा नसती तर त्याने पाप सोडलेच नसते. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने याचे उत्तर दिले. असा पश्चात्ताप अपूर्ण असला, तरी मनापासून पाप सोडण्याचा निश्चय त्यात असेल तर तीसुद्धा देवाची देणगी आहे आणि त्या पश्चात्तापामुळे माणूस प्रायश्चित्त संस्काराच्या कृपेसाठी तयार होतो. पूर्ण पश्चात्ताप मात्र प्रेमातून जन्म घेतो.

हा भेद आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. भीतीने सिगारेट सोडणाऱ्याला कुणी हसू नये. भीतीने त्याला दारापर्यंत आणून सोडले आहे. अडचण एवढीच की, भीती दारातूनच परत जाते. ती घरात राहायला येत नाही. कारण ती वेदनेची सावली आहे. वेदना गेली की सावलीही जाते. निर्गम ग्रंथातला फारो राजा आठवा. पीडा आली की तो मोशेला बोलावून वचन देई. पीडा टळली की त्याचे मन पुन्हा कठीण होई. आज तर वैद्यकीय उपचार इतके पुढे गेले आहेत की, माणूस काही दिवसांतच चालत घरी येतो. उपचार जितका चांगला, तितकी भीती अल्पायुषी. त्यामुळे ज्याने आपला निश्चय केवळ भीतीवर उभा केला आहे, त्याने बरे होता होताच त्याखालचा पाया काढून घेतलेला असतो.

भीतीच्या जागी दुसरे काहीतरी वेळेवर यायला हवे. ते काय?

वाढवून मिळालेली वर्षे कुणाची?

बायबलमधील हिज्कीया राजाची कथा आपण ऐकली आहे. तो मरणाच्या दारी होता. त्याने भिंतीकडे तोंड केले, अश्रू ढाळले, प्रार्थना केली. देवाने त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढवले. यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले हेही लक्षात ठेवू या; प्रार्थना ऐकली गेली तरी औषध टाळले गेले नाही. पण पुढे काय झाले? बाबेलहून दूत भेटीला आले आणि राजाने त्यांना आपले सगळे भांडार कौतुकाने दाखवले. हे सारे एक दिवस लुटून नेले जाईल, तुझ्या वंशजांनाही नेतील, असे यशयाने बजावले, तेव्हा राजाला त्याचे फारसे दुःख झाले नाही. आपल्या हयातीत तरी शांती राहील यावर तो समाधानी होता. १५ वर्षे मिळाली, पण ती कुणासाठी मिळाली हा विचार राहून गेला.

धूम्रपान सोडणाऱ्यालाही अशी वर्षे मिळतात. ब्रिटनमध्ये १९५१ पासून हजारो पुरुष डॉक्टरांच्या सवयींचा आणि मृत्यूंचा अभ्यास करण्यात आला. त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सतत सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. परंतु ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना सुमारे ३ वर्षे परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळीच. "आता या वयात सोडून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या आमच्या साठीतल्या बंधूंनी हा आकडा ध्यानात घ्यावा. तीन वर्षांत नातवंडाचा पहिला ख्रिस्तप्रसाद होतो, लेकीचे लग्न होते, भावाभावांतला जुना तंटा मिटू शकतो.

कुणी म्हणेल, "फादर, शरीर माझे, पैसा माझा, मरेन तर मी मरेन." हा युक्तिवाद वाटतो तितका सरळ नाही. आपल्या घरातला धूर आपल्या मुलांच्याही छातीत जातो. आपण अंथरुणाला खिळलो तर उशाशी रात्र जागवणारी पत्नी असते आणि कर्ज काढणारा मुलगा असतो. शिवाय आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, आपण स्वतःचे मालक नाही, असे संत पौलाने करिंथकरांना बजावले आहे. आपण राखणदार आहोत.

संत थॉमस अॅक्वायनस यांनी भीतीचेही प्रकार सांगितले आहेत. एक गुलामाची भीती. तिला फक्त शिक्षेचे भय असते. दुसरी लेकराची भीती. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला आपल्यामुळे दुखावले जाऊ नये, अशी ती असते. पहिली प्रकृती सुधारली की ओसरते. दुसरी प्रेमाबरोबर वाढत जाते. इस्पितळातून आलेल्या माणसाने "मला मरायचे नाही" एवढ्यावर न थांबता "मला कुणासाठी जगायचे आहे?" याचे उत्तर शोधावे. भीती ताजी आहे तोवरच शोधावे.

तीन महिन्यांचे वचन

परंतु नुसत्या प्रेमानेही भागत नाही. बायकोमुलांवर जीव ओवाळून टाकणारी माणसेही टपरीवर उभी दिसतातच. प्रेमाला रोजच्या सवयीचे हातपाय लागतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयर्लंडमधील डब्लिनचे मजूर मॅट टॅलबट. १८५६ साली जन्मलेले मॅट पोरवयातच दारूच्या आहारी गेले. १८८४ साली एके दिवशी खिशात पैसा नसताना ते गुत्त्याबाहेर उभे राहिले आणि ज्यांना त्यांनी आजवर पाजली होती त्यांपैकी एकानेही त्यांना आत बोलावले नाही. त्या धक्क्याने ते घरी परतले आणि त्यांनी दारू सोडण्याचे वचन घेतले. जन्मभराचे नव्हे, फक्त तीन महिन्यांचे! ते पाळल्यावर त्यांनी मुदत वाढवली आणि अखेर जन्माचे वचन घेतले. खिशात पैसे ठेवून बाहेर पडायचे त्यांनी सोडले, म्हणजे गुत्त्यात शिरण्याची सोयच नको. मोकळा झालेला वेळ त्यांनी मिस्सा आणि प्रार्थनेला दिला. पुढे त्यांनी तंबाखूही सोडला आणि तो त्यांना दारूपेक्षा जड गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२५ साली पवित्र त्रैक्याच्या रविवारी मिस्साला जाताना रस्त्यातच त्यांना देवाज्ञा झाली. १९७५ साली पवित्र सभेने त्यांना 'आदरणीय' ही पदवी दिली.

आपल्याकडेही राखेच्या बुधवारी सिगारेट सोडणारे अनेक आहेत. चाळीस दिवस ते निष्ठेने पाळतात आणि पास्काच्या सणाला, पुनरुत्थानाच्या आनंदात, पहिली पेटवतात! मॅट यांचे तीन महिने आणि आपले चाळीस दिवस यांत फरक कोणता? आपण मुदत संपायची वाट पाहतो. त्यांनी मुदत संपण्यापूर्वी पुढची घेतली. ज्याला चाळीस दिवस जमले, त्याला एक्केचाळिसावाही जमतो. धीर हा सद्गुण असाच एकेका दिवसाने अंगी मुरतो.

आणि पडलो तर?

पुष्कळ जण एकदा घसरतात. घसरण्यापेक्षा त्यानंतरचा विचार अधिक घातक असतो: "आता मोडलेच आहे, तर ओढू या." एक सिगारेट म्हणजे एक सिगारेट, तिचे पाकीट करण्याची सक्ती कुणी केलेली नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, तरी तो रडून परत आला. यहूदाने आशाच सोडली. दोघेही पडले होते. प्रायश्चित्त संस्कार एकदाच घेण्याचा नाही, यातच देवाला आपली किती ओळख आहे ते दिसते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. तल्लफ जोराची असली तरी बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चालावे, एखादी आमच्या बापा म्हणावी. पहिले काही आठवडे सर्वांत कठीण असतात. त्या काळात टपरीचा रस्ता आणि लग्नाच्या मांडवामागचा कोपरा टाळावा. डॉक्टरांना विचारून निकोटीनचे च्युइंगम किंवा गोळ्या घेण्यात कमीपणा नाही; ते आपले अंजिराचे लेप आहेत. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. घरच्यांनी खिसे तपासण्याऐवजी दिवस मोजायला मदत करावी. मित्रांनी "एकच घे रे" म्हणू नये; हे म्हणणाऱ्याचा हिशेबही देव विचारील.

पवित्र सभेनेही या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. लोकांच्या आरोग्याला घातक असलेल्या गोष्टीत आपला वाटा असू नये, म्हणून पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानुसार २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री बंद झाली. त्या विक्रीतून उत्पन्न मिळत होते. त्यावर पाणी सोडले गेले. आपल्यालाही काहीतरी सोडावेच लागेल.

या आठवड्यात ज्याला सुरुवात करायची आहे त्याने मिस्साच्या अर्पणविधीच्या वेळी मनातल्या मनात एक मुदत प्रभूच्या हाती द्यावी, तीन महिन्यांची किंवा तीन दिवसांची, आणि कुणासाठी सोडतो आहोत त्या माणसाचे नावही घ्यावे. कुणाला बोलावेसे वाटले तर आमचे दार उघडे आहे. मिळालेले प्रत्येक वर्ष कुणाच्या तरी कामी यावे, अशी कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू