न पाहिल्याचा दोष

जी वस्तु मनुष्यानें पाहिली नाहीं, ती न पाहिल्याचा दोष त्याजवर ठेवावा किंवा नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. कोणी म्हणेल, जें दिसलेंच नाहीं त्याला मनुष्यानें काय करावें? परंतु ह्या उत्तरानें आपण पुष्कळदां आपली सुटका फार स्वस्तांत करून घेतों, असें आम्हांस वाटतें. म्हणून आज आम्ही आकाशांतील एक खरी हकीकत वाचकांपुढें मांडून तिच्या आधारें ह्या प्रश्नाचा विचार करूं इच्छितों.

कार्तिक महिन्यांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर अंगणांत उभें राहून माथ्याकडे पाहिलें असतां चार ठळक ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. त्यांतील पश्चिमेकडचे दोन तारे म्हणजे आपल्या पंचांगांतील पूर्वाभाद्रपदा नक्षत्र होय. त्या दोहोंच्या साधारण मधोमध, किंचित् पश्चिमेस, एक अगदीं मंद तारा आहे. रात्र काळोखी व दृष्टि चांगली असेल तर तो जेमतेम दिसतो. ज्योतिषी त्यास ५१ पेगासी म्हणतात. तो आपल्या सूर्यासारखाच एक सूर्य असून इतका दूर आहे कीं, त्याचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें ५० वर्षें लागतात.

ह्या ताऱ्याभोंवतीं एक प्रचंड ग्रह फिरतो. त्याचें वजन निदान आपल्या गुरूच्या निम्मे, म्हणजे पृथ्वीच्या सुमारें दीडशें पट आहे. आपली पृथ्वी सूर्यापासून १५ कोटि किलोमीटर दूर आहे. हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून अवघा ८० लक्ष किलोमीटरांच्या सुमारास आहे. त्यामुळें त्याचें वर्ष सव्वाचार दिवसांत संपतें, व त्याची उष्णता १,००० अंशांच्या आसपास असावी असें गणित सांगतें. एवढ्या उष्णतेंत चांदीचें पाणी होतें.

असा ग्रह असूं शकेल, हें विद्वानांस पूर्वीं खरें वाटत नव्हतें. आपल्या सूर्याच्या घरीं लहान ग्रह जवळ व मोठे दूर आहेत. गुरूस एक फेरी करावयास जवळजवळ १२ वर्षें लागतात. मोठे ग्रह दूरच्या थंडींतच घडूं शकतात, असा सिद्धांतही होता. म्हणून इतर ताऱ्यांचीही हीच रीत असणार, असें बहुतेकांनीं धरून ठेविलें. १९५२ सालीं ऑटो स्ट्रूव्ह नामक ज्योतिष्यानें एका लहानशा लेखांत सुचविलें होतें कीं, ताऱ्याच्या अगदीं जवळ मोठे ग्रह असूं नयेत असें मानण्यास कारण नाहीं, आणि असल्यास ते शोधण्याजोगे आहेत. त्या सूचनेकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढें मिशेल मेयर व दिदिए केलोझ ह्या दोघां स्विस संशोधकांनीं फ्रान्स देशांतील ओत-प्रोव्हांस येथील वेधशाळेंतून ह्या ताऱ्याचे वेध घेतले. ग्रह ताऱ्याभोंवतीं फिरतांना ताऱ्यासही किंचित् ओढतो. त्या हेलकाव्यानें ताऱ्याच्या प्रकाशांतील रेषा कधीं तांबड्या बाजूस, कधीं निळ्या बाजूस सरकतात. हा तारा सेकंदास पन्नास-साठ मीटर इतक्या वेगानें पुढें-मागें होत असल्याचें त्यांस आढळलें. प्रथम केलोझ ह्यांस आपल्याच यंत्रांत बिघाड असावा असें वाटलें. तारा कांहीं महिने सूर्याच्या तेजांत लपला होता. तो पुन्हा दिसूं लागल्यावर १९९५ च्या जुलैंत त्यांनीं आपलें गणित ताडून पाहिलें. तें जुळलें, तेव्हांच आक्टोबरांत त्यांनीं ती गोष्ट जाहीर केली. २०१९ सालीं ह्या दोघांस भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

आतां आमच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. अमेरिकेंत मार्सी व बटलर हे दोघे संशोधक १९८७ पासून असेच वेध घेत होते. परंतु मोठ्या ग्रहास फेरीला अनेक वर्षें लागणार, मग घाई कशाला, अशी समजूत होती. व गणितयंत्रांचें बळही अपुरें होतें. स्विस लोकांची बातमी ऐकून त्यांनीं थोड्याच दिवसांत तो ग्रह खरा असल्याचा निर्वाळा दिला. मग त्यांनीं आपले जुने वेध उघडले, आणि १९९६ च्या जानेवारींत आणखी दोन ग्रह जाहीर केले. त्यांच्या खुणा त्यांच्याच टिपणांत पडून होत्या!

ह्या माणसांस दोष द्यावा काय? आमच्या मतें न पाहणें तीन प्रकारचें असतें. साधन नसल्यामुळें जो पाहूं शकत नाहीं, तो निर्दोष होय. “तेथें कांहीं नसणारच” असें आधींच ठरवून जो पाहत नाहीं, त्याजकडे थोडा दोष येतो. कारण त्यानें आपल्या घरची रीत हीच सर्व सृष्टीची रीत मानिली. परंतु दाखविल्यावरही जो डोळे झांकून घेतो, त्याचाच दोष मोठा. अमेरिकन संशोधकांनीं डोळे झांकिले नाहींत. दुसऱ्याचा मान दुसऱ्यास देऊन त्यांनीं आपल्या वह्या पुन्हा चाळल्या, हें त्यांस भूषणावह आहे.

येथें उलट बाजूनेंही जपावें लागतें. आज पांच हजारांहून अधिक परके ग्रह ठाऊक झाले आहेत, आणि सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत एखाद्याजवळच असा जळता महाग्रह आढळतो. तो शोधावयास सोपा म्हणून आधीं सांपडला. जें प्रथम डोळ्यांत भरतें तोच नियम, असें मानणेंही चुकीचेंच.

प्रिय वाचकहो, आमच्या खेड्यांत हाच प्रसंग रोज येतो. एखाद्या वस्तींतलें मूल शाळेंत येतें. ह्या घरचीं मुलें शिकत नसतात असें मनांत धरून मास्तर त्यास मागें बसवितो, आणि त्याची पाटी वर्षभर कोणी पाहत नाहीं. वर्षाअखेर तो म्हणतो, “मला त्याच्यांत कांहीं दिसलें नाहीं.” त्याचें बोलणें खरें असेल, परंतु त्यानें पाटी हातीं घेतली होती काय? आणि ग्रहाच्या व ह्या गोष्टींत एक मोठा भेद आहे. स्ट्रूव्हच्या सूचनेनंतर ४३ वर्षें तो ग्रह कोणास ठाऊक नव्हता, तरी त्याचें कांहीं बिघडलें नाहीं; तो सव्वाचार दिवसांनीं आपली फेरी पुरी करीतच राहिला. मुलाची चार वर्षें गेलीं तर तीं पुनः येत नाहींत.

म्हणून जे कोणी शिकवितात, न्याय करितात किंवा मंडळींत वडीलपणानें वागतात, त्यांस आमची विनंति आहे कीं, आपल्या जुन्या वह्या एकदां पुन्हा उघडून पाहाव्या. ज्याचें नांव आपण “कांहीं नाहीं” म्हणून बाजूस ठेविलें, तें आपण पाहून ठेविलें कीं न पाहतां, एवढें तरी प्रत्येकानें स्वतःस विचारावें.