अस्मृतीचा वर : परशुरामकथेतील एक नैतिक पेच

परशुरामकथेचा विचार आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांच्या अनुषंगाने झाला आहे. पहिला भूमीचा. सागराने मागे सरून दिलेले शूर्पारक, सह्याद्रिखंडातील क्षेत्रनिर्मितीच्या कथा आणि त्यांवर उभे राहिलेले ज्ञातींचे दावे हा त्याचा विषय. दुसरा संहितेचा. वि. स. सुखटणकरांनी १९३६ साली भृगुकुल आणि भारत यांच्या संबंधावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात तो मांडला : भरतांच्या महाकाव्यात भृगूंच्या कथांनी एवढी जागा का व्यापावी? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु कथेच्या गाभ्याशी असलेला मातृवध त्यांत केवळ एक ‘उपाख्यान’ होऊन राहतो. कुऱ्हाड प्रथम ज्या मानेवर चालली ती क्षत्रियाची नव्हती, याचा नैतिक अर्थ काय, हे विचारायचे राहूनच जाते.

आरण्यकपर्वात ही कथा युधिष्ठिराला सांगतो तो अकृतव्रण, परशुरामाचा अनुयायी. (ज्याच्या नावाचाच अर्थ ‘जखम न झालेला’ असा आहे, त्याच्या मुखी ही कथा असावी, हेही लक्षणीय आहे.) जलक्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहून रेणुकेचे मन क्षणभर चळते. जमदग्नी ते ओळखतो आणि मुलांना तिच्या वधाची आज्ञा करतो. रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु हे चौघे थोरले पुत्र नकार देत नाहीत, होकारही देत नाहीत. ते अवाक् होतात. या मौनाबद्दल त्यांना शाप मिळतो आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड होतात. मग राम येतो. त्याला दिलेल्या आज्ञेचे दोन भाग आहेत : आईला मार, आणि व्यथित होऊ नकोस. पिता केवळ कृतीवर नव्हे, तर त्या कृतीमुळे होणाऱ्या वेदनेवरही अधिकार सांगतो. राम दोन्ही पाळतो. निदान निवेदकाला त्याची व्यथा दिसत नाही.

क्रोध शमलेला पिता वर माग म्हणतो, आणि खरा पेच येथे सुरू होतो. आईने पुन्हा उठावे, वधाची स्मृती राहू नये, त्या पापाचा स्पर्श होऊ नये, भाऊ पूर्ववत व्हावेत, युद्धात प्रतिस्पर्धी नसावा, दीर्घायुष्य लाभावे, असा मागण्यांचा क्रम आहे. पितृआज्ञेचे पालन हाच निरपवाद धर्म असता, तर आज्ञेने घडलेल्या कृत्यात पाप उरले नसते. मग पापस्पर्शातून मुक्ती कशासाठी मागायची? परशुरामाची मागणी हीच त्याच्या आज्ञाधारकतेवरील टीका आहे. आज्ञा पाळताना जे बोलता आले नाही, ते तो वर मागताना बोलून जातो.

दुसरी मागणी याहून अवघड आहे. मूळ वाक्यात ‘अस्मृती’ कोणाची, हे व्याकरण पूर्णपणे सांगत नाही. ‘आईचे’ हे पद पुढे ओढले तर विस्मरण रेणुकेचे. न ओढले तर मारणाऱ्याचेही होऊ शकते. किसारी मोहन गांगुलींच्या इंग्रजी अनुवादात ते मुलाच्या पदरी घातले आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात मात्र संदिग्धता उरत नाही. तेथे आईबरोबर भाऊही मारले जातात, आणि वधाचे विस्मरण मागितले जाते ते मारल्या गेलेल्यांसाठी. झोपेतून जागे व्हावे तसे ते उठतात. कथेचा पुढचा ओघही याच अर्थाला अनुकूल आहे. आरण्यकपर्वात कार्तवीर्य आश्रमात येतो तेव्हा ऋषिपत्नी त्याचे यथोचित स्वागत करते. घरात काही घडून गेल्याची खूण तेथे नाही.

हे विस्मरण करुणेपोटी मागितले, असे म्हणता येईल. आपल्याच मुलाने आपला गळा चिरला, हे जाणून जगण्याचा भोग आईच्या वाट्याला येऊ नये, ही इच्छा क्रूर नव्हे. तथापि तिचा दुसरा परिणाम नजरेआड करता येत नाही. क्षमा करायची तर अपराध आठवावा लागतो. ज्या एका व्यक्तीला परशुरामाला क्षमा करण्याचा, किंवा न करण्याचा, अधिकार होता, तिच्याकडूनच तो या वराने काढून घेतला. पाप पित्याच्या शब्दाने धुतले गेले. जिच्यावर वार झाला तिला विचारण्याचा प्रसंगच उरला नाही. नीतीच्या व्यवहारातून पीडिताला वगळून पीडक आणि आज्ञा देणारा यांनी आपसांत केलेली ही तडजोड आहे, आणि ती ‘वर’ या मंगल शब्दाखाली झाकली गेली आहे.

महाभारताला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता असे नाही. शांतिपर्वात भीष्म चिरकारीची कथा सांगतो. गौतमही पुत्राला मातृवधाची आज्ञा देतो आणि वनात निघून जातो. सावकाश विचार करणारा चिरकारी आई थोर की पिता याचा ऊहापोह करीत बसतो. पश्चात्तापाने परतलेल्या पित्याला पत्नी जिवंत दिसते आणि तो मुलाच्या विलंबाची स्तुती करतो. ज्या थांबण्याबद्दल रुमण्वान व त्याचे भाऊ जड झाले, त्याच थांबण्याचा येथे गौरव होतो. फरक मुलांत फारसा नाही, बापांत आहे : एक वाट पाहत उभा राहिला, दुसरा निघून गेला. आज्ञापालनाचे नैतिक मूल्य आज्ञा देणाऱ्याच्या स्वभावावर इतके अवलंबून असेल, तर त्याला स्वतंत्र धर्म म्हणणे कठीण आहे.

या पेचातून सुटण्याची सोपी वाट अवतारकल्पनेने उघडी ठेवली आहे : ईश्वरी कृत्याला मानवी माप लावू नये. परंतु आदिपर्वात समंतपंचकाच्या पाच रक्तडोहांशी पितरांना तृप्त केल्यावर परशुराम स्वतःच हे माप स्वतःला लावतो. रोषाच्या भरात क्षत्रियांचा उच्छेद केला, त्या पापातून मोकळे करा, असे तो मागतो. पुन्हा पाप, पुन्हा पितर, पुन्हा वर. मारल्या गेलेल्यांना येथेही आवाज नाही.

विस्मरणाचे सूत्र पुढे शापाच्या रूपाने परतते. महेंद्र पर्वतावर कर्णाच्या मांडीवर डोके ठेवून गुरू झोपतो. किडा मांडी पोखरतो. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. रक्ताच्या स्पर्शाने जागा झालेला परशुराम त्या सहनशीलतेवरूनच ओळखतो की हा ब्राह्मण नव्हे. खोटे बोलून मिळवलेले ब्रह्मास्त्र ऐन मृत्यूच्या वेळी स्फुरणार नाही, हा त्याचा शाप. अपराध कर्णाचा होता, यात शंका नाही. पण ज्याला कधीकाळी ‘व्यथित होऊ नकोस’ अशी आज्ञा झाली आणि ज्याने ती पाळली, त्याला दुसऱ्याच्या अव्यथित शरीरात केवळ जात दिसावी! आईला दिलेले विस्मरण वर ठरले, शिष्याला दिलेले शाप ठरले. विस्मरण कोणाला द्यायचे, हे दोन्ही वेळा ठरवणारा मात्र एकच. आणि तो चिरंजीव आहे.

लोकपरंपरेने रेणुकेचे विस्मरण निमूटपणे स्वीकारलेले दिसत नाही. तिने रेणुकेला ऋषिपत्नी म्हणून नव्हे, देवी म्हणून जपले, आणि छेदलेल्या शिराची खूण पुसू दिली नाही. माहूरला ती केवळ मुखरूपाने आहे. तेथील कथा वेगळी आहे : जमदग्नीच्या चितेवर रेणुका सती गेली, शोकाकुल मुलाला आकाशवाणीने सांगितले की आई भूमीतून वर येईल, फक्त मागे वळून पाहू नकोस. परशुरामाला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा आईचे मुख तेवढे वर आले होते. संहितेतल्या ज्या मुलाने बापाची आज्ञा न थांबता पाळली, त्याच्याकडून माहूरच्या कथेत आईच्या बाबतीतली ही एकच आज्ञा पाळली गेली नाही. आणि भाविक आज पाहतात ते, त्याने मोडलेल्या त्या आज्ञेतून उरलेले मुख.