तंतू, पट आणि पाटे

इचलकरंजीस राहणाऱ्या मनुष्याचे कान मागांच्या खटखटाटास इतके सरावलेले असतात की तो आवाज त्याच्या ध्यानीही येत नाही. वीज गेली आणि धोटे जागच्या जागी थबकले, म्हणजे मात्र तो दचकून मान वर करतो. अशाच एका निःशब्द दुपारी मी एका मिस्त्रीच्या शेडमध्ये बसलो होतो, आणि माझ्या एका स्नेह्यांची थार, पुढची दोन्ही चाके गमावून, लोखंडी घोड्यांवर अधांतरी उभी होती. महिंद्रांनी २०१० साली ही गाडी बाजारात आणली तेव्हा तिच्या सीआरडीई प्रकारात मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, कायम ठेवले, परंतु पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र करून प्रत्येकास टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारा एकेक पोलादी दांडा, दिला. डांबरी सडकेवर ही व्यवस्था सुखाची. पण गगनबावड्याकडच्या दगडधोंड्यांत एक चाक वर चढले आणि दुसरे खड्ड्यावर आले की त्या चाकाची खाली उतरण्याची धाव संपते आणि ते हवेतच फिरत राहते. सबब ही सर्व रचना कापून काढावी, पुढेही जुन्या विलीज जीपप्रमाणे अखंड ॲक्सल घालावा आणि तो पाट्यांवर तोलावा, असा स्नेह्यांचा निश्चय झाला होता.

पाट्यांचा जुडगा मी इतक्या जवळून प्रथमच पाहिला. सर्वांत लांब तो मुख्य पाटा, त्याची दोन्ही टोके वळवून केलेले डोळे, त्याखाली क्रमाने आखूड होत गेलेली भावंडे, आणि सर्वांच्या पोटातून आरपार गेलेला एक बोल्ट. पैकी एक डोळा चासीस पक्का बांधतात आणि दुसरा शॅकलवर झुलता ठेवतात. कारण भार पडून कमान सपाट झाली की पाटा लांबतो, आणि त्या वाढीस कोठेतरी जागा द्यावी लागते, नाहीतर पाटा तरी मोडेल किंवा बांधणी तरी. उसळी शमविण्याचे थोडे काम तर हे पाटे एकमेकांवर घासूनच उरकतात. मिस्त्रीने चासीवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने फुली मारली, ॲक्सलचा कल पाहिला, आणि वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ यावे एवढ्यासाठी पाट्याखाली एक बारीकशी पाचर सारली. मी सहज विचारले, ‘‘एवढे कापल्यावर ही तीच गाडी म्हणायची का?’’ त्याने वर न पाहताच उत्तर दिले, ‘‘चाल बदलली म्हणून गाडी बदलत्या व्हय, मालक?’’

उत्तर चोख होते. मला मात्र ते पुरले नाही. ग्रीकांच्या, एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या नौकेचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो, परंतु या गावात बसून नौकेकडे धाव घेण्याचे कारण काय? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग उभारला आणि नारायणराव घोरपडे यांच्या जहागिरीतले हे खेडे कापडाचे शहर होऊ लागले. आणि आपल्या नैयायिकांचा तर सर्वांत लाडका दृष्टांत कापडाचाच. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ उघडावा: तंतू हे पटाचे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि तुरी, वेमा इत्यादी विणण्याची साधने हे निमित्तकारण. म्हणजे आमचा धोटा शास्त्रात कधीचाच जाऊन बसलेला आहे! नैयायिकाचा आग्रह असा की पट हा तंतूंचा निव्वळ ढीग नव्हे. तंतूंच्या ठायी समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारे ते एक वेगळेच द्रव्य आहे. हाच अवयवी. ऐकावयास ही भूमिका मोठी दिलासा देणारी वाटते, पण तिची किंमत फार जबर आहे. कारण पटाचा एक तुकडा फाडला तर उरतो तो जुना पट नव्हेच, जुना नष्ट झाला आणि त्याच्या जागी एक नवा खंडपट उत्पन्न झाला, असे त्याला प्रांजळपणे कबूल करावे लागते. ‘हे तेच’ अशी जी ओळख आपल्याला पटते, तिचे कारण केवळ साजात्य. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असून आपण तिला तीच म्हणतो, तसे. या न्यायाने स्नेह्यांची थार गॅस-कटरची पहिली ठिणगी उडाली तेव्हाच निवर्तली.

उलट बौद्धांचे पाहा. मिनांडर राजाला भिक्षू नागसेनाने रथाचे एकेक अंग दाखवून विचारले, की आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय; आणि रथ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे हे राजाच्या तोंडूनच वदवून घेतले. ज्याला अवयवी मुळातच मान्य नाही, त्याला तो मेल्याचे सुतकही नाही. संपूर्ण वस्तू खरी मानणाऱ्याच्या पदरी तिचा मृत्यू, आणि ती नाममात्र मानणारा निर्धास्त, हा उलटा हिशेब मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

स्नेह्यांचे म्हणणे तर तिसरेच. ते म्हणाले, ‘‘आता कुठे ही खरी जीप झाली.’’ तर्काच्या भाषेत बोलायचे तर व्यक्ती या नात्याने ती जो जो स्वतःपासून ढळली, तो तो ती आपल्या जातीच्या जवळ गेली. दुसऱ्या महायुद्धातील विलीजला पुढे-मागे पाटेच होते, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी जोडावयास घेतलेल्या जीपगाड्यांनाही तेच. नातवाने आजोबांची चाल उचलावी, त्यातला हा प्रकार. मनुष्याविषयीही आपण असेच बोलतो. संन्यास घेऊन नाव, वेष, गोत्र टाकणाऱ्याला आपण ‘स्वतःस मुकला’ म्हणत नाही, ‘स्वरूपास पोचला’ म्हणतो. तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र उरतोच; कारण कंपनीच्या दप्तरी या गाडीचे स्वरूप म्हणजे तो पिळाचा दांडा.

सरकारने हा वाद आपल्या रीतीने मिटविला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीचा दाखला विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक निकाल दिला आहे. स्नेह्यांना मी हे ऐकविले, त्यांनी ते ऐकून घेतले, एवढेच. (‘फेरफार’ हा शब्दही मोठा गमतीचा. तलाठ्याच्या दप्तरात जमीन तीच राहून मालक बदलतो त्याला फेरफार म्हणतात. येथे मालक तोच राहून वस्तू बदलते.) पाटे आले, दांडे गेले, पुढे इंजिनही बदलेल, पण चासीवर ठोकलेला नंबर तो शाश्वत, सरकारमान्य आत्मा. याची थट्टा करण्याचे कारण नाही. नैयायिकांनी नित्य आत्म्याचा आग्रह धरला तो तरी कशासाठी? कर्ता एक आणि भोक्ता दुसरा असे झाले तर केलेले कर्म वाया जाते आणि न केलेले माथी बसते; कृतहानी आणि अकृताभ्यागम हे ते दोन दोष. कोणास धडक देऊन पळालेली गाडी पाटे बदलून ‘मी ती नव्हेच’ म्हणू लागली तर फौजदाराने कोणाला धरावे? नागसेनही येथे नैयायिकाच्याच पंक्तीला येऊन बसतो. आंबे चोरणारा म्हणतो, मी नेलेली फळे याने पेरलेल्या कोयी नव्हेत. तरीही शिक्षा होणारच, कारण ही फळे त्या कोयींपासूनच आली, हे नागसेन राजाच्याच तोंडून वदवून घेतो. मग आत्मा असो वा नसो, जबाबदारीची साखळी अखंड राहिली पाहिजे, एवढ्यावर दोघांचे एकमत दिसते. आणि माझ्या मते ‘तीच’ या शब्दाच्या पोटात याहून अधिक काही नाही. ओळख ही वस्तूत सापडत नाही. ती तिच्यावरच्या दाव्यात असते.

देवांच्या बाबतीत मात्र आपण असे धसमुसळे वागत नाही. २०१५ साली कोल्हापुरास अंबाबाईच्या मूर्तीचे संवर्धन झाले; अशा प्रसंगी मूर्तीला हत्यार लावण्यापूर्वी तिच्यातले देवत्व विधिपूर्वक कलशात उतरवून घ्यावे, अशी शास्त्राची रीत आहे. गाडीसाठी कोणी कलश मांडीत नाही. तरी काम संपल्यावर चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि नारळ फोडायचा, हे मिस्त्रीचे ठरलेलेच होते; तेव्हा काहीतरी निघून गेले होते आणि आता परत यायचे आहे, अशी शंका त्यालाही असावी.

इतक्यात वीज आली आणि पलीकडच्या कारखान्यातून माग पुन्हा बोलू लागले. मिस्त्रीच्या पोऱ्याने कोपऱ्यात पडलेल्या दोन टॉर्शन बारांपैकी एक उचलला, त्याचे टोक शॅकलच्या बुशाखाली घातले आणि अंगाचा भार देऊन अडलेला पाटा जागेवर बसविला. पोलाद अव्वल होते; दांडा तसूभरही वाकला नाही. स्नेह्यांनी ते पाहिले आणि दोन्ही दांडे घरी न्यायचा विचार सोडून दिला. मिस्त्री म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ द्या हितंच. पहार झाल्या त्याची.’’