डोक्यावर कौलं, नजर धुराड्यावर

तीनशे पानं वाचली तुझी. बस समोर. मान वर कर.

अनाथ पोरगा, पांढऱ्या दाढीचा गुरू, जादूची छडी, मनोऱ्यातलं कुलूपबंद दार. आणि बर्फ! सगळा जन्म बेळगावच्या कॅम्पात गेला तुझा. बर्फ पाहिलास तो फिश मार्केटात, माशांखाली. मग तुझ्या नायकाच्या मफलरवर तो पडतोच कसा?

विचारलं, तर तोंड वर करून म्हणतोस, "सर, हे आदिबंध आहेत. जगभर सारखेच." वा रे पठ्ठ्या! उसनवारी झाकायला शब्द मात्र भारी शोधलास. सांगाडा सारखा असतो, मान्य. म्हणून कातडंही दुसऱ्याचंच पांघरायचं?

1950च्या दशकात ए. के. रामानुजन इथंच, लिंगराज कॉलेजात शिकवत होते. त्यांनी आपल्याच मुलखातल्या बायकांच्या तोंडून गोष्टी ऐकून टिपल्या. त्यातली एक हंचीची. सोनेरी केसांची पोरगी. तिचं रूपच तिच्यावर उलटतं, तेव्हा आई तिच्या तोंडावर मातीचा मुखवटा चढवून तिला घराबाहेर काढते. ती सावकाराच्या घरी राबते. एके दिवशी घर रिकामं बघून पाणी तापवते, मुखवटा उतरवते, न्हायला बसते. आणि सावकाराचा धाकटा अवचित घरी येतो. परी नाही, काचेचा बूट नाही. तरी रामानुजन तिला कानडी सिंड्रेला म्हणाले. आदिबंध असा असतो, बाबा!

कानडीत हंचु म्हणजे कौल. हे तुला सांगायला हवं? बाजारात घासाघीस कानडीतच करतोस की रे! हंचीच्या तोंडावर जी माती, तीच तुझ्या छपरावर. दर पावसाळ्यात त्या कौलांखाली बादल्या मांडत मोठा झालास. तिथं एकही गोष्ट गळली नाही?

"वेळ नाही, सर." मोबाइल चाळायला मिळतो? "मुलांना असलंच आवडतं." कुठल्या मुलांना विचारलंस? "इथं काय आहे लिहिण्यासारखं?" बापाच्या शब्दाखातर आईचं शिर उडवणाऱ्या पोराची कथा सौंदत्तीच्या डोंगरावर अजून जागती आहे, आणि हा विचारतो, काय आहे!

ढ असतास तर तोंड वाजवलं नसतं. नववीत आजीच्या भुतावर निबंध लिहिला होतास. विळीवर बसून कांदा चिरणारं भूत! वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. ती नजर कुठं गहाण टाकलीस?

ऊठ. पुढच्या रविवारी दहाच पानं आण. त्यात बर्फ दिसला, तर तो माशांखालीच दिसला पाहिजे.