परत जायचं असताना

हे सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, पुढचं नंतर वाचता येईल.

आज मनात एका आईला आणायचं आहे. तिला नाव देऊ नका. नाव दिलं की ती एकटीची गोष्ट होईल, आणि ती एकटी नव्हती. म्हैसूरपासून पश्चिमेला सुमारे 80 किलोमीटरवर, पिरियापट्टण तालुक्यात, कावेरी ओलांडून कोडगूत शिरायच्या आधी बैलकुप्पे लागतं. तेव्हाच्या म्हैसूर राज्य सरकारनं तिथली सुमारे 3,000 एकर जमीन तिबेटी निर्वासितांसाठी भाडेपट्ट्यानं दिली. 1960 संपता संपता पहिली माणसं आली, त्या वेळी ही जमीन म्हणजे रान होतं. झाडं तोडायची, जाळायची, बुंधे खणून काढायचे आणि मग कुठे नांगर लावायचा. आलेल्यांत बायका होत्या, पाठीशी मुलं बांधलेली होती. त्यांतलीच ही एक.

आधी तिच्या शरीराकडे पाहू. ल्हासा 3,600 मीटरहून उंच आहे आणि बैलकुप्पे हजार मीटरसुद्धा नाही. कोरड्या, बोचऱ्या थंडीत वाढलेली ही बाई दमट उन्हात उभी आहे. अंगात लोकरीचा लांब झगा, चुबा. कमरेला लग्न झालेल्या बाईचा रंगीत पट्ट्यांचा एप्रन, पांगदेन. जेवणात जवाचं भाजलेलं पीठ नाही. हवेत इतका उष्मा, की लोण्याचा खारट चहासुद्धा अंगाला सोसत नाही. घर म्हणजे तंबू, नाहीतर बांबूची झोपडी. आपल्या कातडीवर तो घाम आणून पाहा. क्षणभर पुरे.

आता थोडं मागे जाऊ. 1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि त्यांच्या मागोमाग सुमारे 80,000 माणसं हिमालय ओलांडून आली. त्यांतली पुष्कळ जण हिमाचलात आणि आसपास डोंगरातले रस्ते फोडायच्या कामाला लागली. बायकाही दगड फोडत. मुलं रस्त्याकडेला, तंबूंत, धुळीत. क्षयानं आणि हगवणीनं मुलं दगावत होती. 17 मे 1960 रोजी जम्मूच्या रस्ता-छावण्यांतून 51 आजारी, अर्धपोटी मुलं धरमशालेला आणली गेली आणि दलाई लामांच्या थोरल्या बहिणीनं, त्सेरिंग दोल्मांनी, त्यांना सांभाळायचं पत्करलं. पुढे मोठ्या झालेल्या तिबेटी बालग्रामाची ती सुरुवात.

इथे जरा जास्त थांबू या. मूल दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या आईला त्याग केल्याचं भान असतं का? मला नाही वाटत. तिच्यापुढे त्या दिवशीचा एकच प्रश्न असतो, हे मूल जगेल कुठे? माझ्यापाशी की तिकडे? उत्तर कळतं, आणि ती हात सैल करते. अशा बाईचं कौतुक करायची आपल्याला घाई होते. कौतुक बाजूला ठेवून नुसता तो सैल झालेला हात पाहता येतो का, ते बघा.

पुन्हा रानात येऊ. दिवसा कुऱ्हाड, रात्री हत्ती. पिकं आणि झोपड्या तुडवायला कळप येत, माणसंही मेली. पण खरं बोलायचं तर ते रान हत्तींचंच होतं. नागरहोळेच्या या पट्ट्यात मध गोळा करणाऱ्या जेनु कुरुबांचाही वावर पूर्वापार आहे. एकाची भूमी गेली म्हणून त्यानं दुसऱ्याच्या रानात शेत काढावं, ही या गोष्टीतली अवघड जागा आहे. त्या आईला दोष देऊन ही अडचण सुटत नाही आणि अडचणीकडे डोळेझाक करूनही सुटत नाही. मनात दोन्ही राहू द्या. जाळलेल्या झाडांचा धूर आणि त्या धुरात खोकणारं तिचं मूल.

आता ज्यासाठी मी तिला इथे आणलं, त्या गोष्टीकडे वळतो. तिला इथे राहायचं नव्हतं. आज ना उद्या परत जायचं, असंच त्या पिढीतल्या बहुतेकांच्या मनात होतं. तरी तिनं बुंधा मुळासकट काढला. परत जायचंच आहे तर वरवर साफ केलं असतं तरी चाललं असतं. तिनं तसं केलं नाही. सुरुवातीची पिकं हातची गेली, मग मका धरला. हा दाणा तिच्या मुलखातला नव्हता. त्याची पेरणी, खुरपणी, राखण ती शिकली, कन्नडचे चार शब्द शिकली, बाजारात भाव करायला शिकली. आपली कितीतरी कामं आपण ‘इथे कुठे कायमचं राहायचंय’ असं म्हणत अर्धवट सोडतो. भाड्याचं घर, बदलीचं गाव, नको असलेली नोकरी. तुमच्या मनात आत्ता जे आलं असेल, ते तिच्या शेताशेजारी ठेवून पाहा. निष्कर्ष काढू नका.

वर्षं सरली. 1963 मध्ये पेनोर रिंपोछेंनी इथे नामद्रोलिंग मठाची स्थापना केली. चिनी तोफांच्या माऱ्यात सापडलेला तिबेटातला सेरा मठ पुढे इथेच पुन्हा उभा राहिला. 1999 मध्ये नामद्रोलिंगचं सुवर्णमंदिर झालं, आज पर्यटक बसनं येऊन त्याचे फोटो काढतात. ती आई, तिबेटीत आमा-ला, मात्र अंगणात बसून मणिचक्र, म्हणजे प्रार्थनाचक्र, फिरवते. हातातली जपमाळ 108 मण्यांची. मुलं बेंगळुरूत, नातवंडं त्याहून लांब. ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करायचा नोंदणीचा दाखला ट्रंकेत. जमीन अजूनही भाडेपट्ट्याचीच.

आणि मग ती जाते. ज्या देशात जन्मली तिथे असती, तर देह डोंगरावरच्या शिळेवर गिधाडांना दिला गेला असता. ती रीत इथे होऊ शकत नाही. इथे चिता रचतात. पहिल्या वर्षांत रान जाळताना ज्या मातीवर तिला धग असह्य झाली होती, त्याच मातीवर तिला अग्नी मिळतो. घरात लोण्याचे दिवे लागतात, भिक्षू मंत्र वाचतात. 49 दिवस, दर सातव्या दिवशी पूजा. गेलेल्याला वाट सापडावी म्हणून एवढा अवधी. आपल्याकडे तेराव्याला घर पुन्हा रहाटाला लागतं, इथे सात आठवडे त्या माणसाची सोबत करतात. हा अवकाश मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या घरातून गेलेल्या एखाद्या बाईला असा सात आठवडे वेळ मिळाला होता का, हे स्वतःला विचारा. मिळाला नसेल, तर आत्ताची पाच मिनिटं तिला द्या. तिच्या कामातलं एखादंच काम आठवा, हातांसकट.

ही माणसं आपल्याला परकी नाहीत. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1970 च्या दशकापासून आहे. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांत तिबेटी स्वेटरांचे स्टॉल लागतात. पुढच्या वेळी तिथे गेलात, तर भाव करण्याआधी गल्ल्यावरच्या बाईंना घर कुठलं ते विचारा. बैलकुप्पे म्हणाल्या, तर त्यांची आजी तिथे कोणत्या साली आली, हेही विचारा, आणि त्या सांगतील तेवढं ऐकून घ्या.