आजीला विचारा, पाणी कुठून भरायची

अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी झालेला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मुलांना तारखेनिशी पाठ असतो: २० मार्च १९२७. पण त्या काळात आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांचं काय?

लेखिका ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून हाच प्रश्न घेऊन निघाल्या. जुनी कागदपत्रं त्यांनी चाळलीच, शिवाय चळवळीतल्या वयस्क स्त्रियांना गाठून बोलतं केलं. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. एरवी ‘स्त्रियांचाही मोठा सहभाग होता’ या एका वाक्यात ज्यांची बोळवण होते, त्या इथे नावानिशी, स्वतःच्या तोंडून बोलतात.

समता फळ्यावर व्याख्या लिहून शिकवता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सांगणारं माणूस समोर लागतं. आठवणीत तारखा चुकतात, मान्य. तारखा पुस्तकांत तपासाव्यात. एखाद्या बाईला विहिरीवर अडवलं तेव्हा तिला काय वाटलं, हे मात्र त्या बाईलाच विचारावं लागतं.

तेव्हा शिक्षकांनो, या आठवड्यात मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. प्रश्न एकच: तुमच्या लहानपणी गावात कोण कुठून पाणी भरायचं? काही घरांतून अडवले गेल्याची गोष्ट येईल, काही घरांतून अडवल्याची. दोन्ही वर्गात वाचल्या जाऊ द्या. ज्या मुलाला सांगायचं नसेल, त्याच्यावर सक्ती नको. आणि कृपा करून, आजीची बोली शुद्ध करू नका.